दोन बोटांची जागा

ज्या दिवशी माझा उजवा हात कोपरापर्यंत होणाऱ्या जावयाच्या गाडीत अडकला, त्या दिवशी सकाळी मी चांगला खुशीत होतो, ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. नोंद ठेवायची मला सवय आहे. पंचायत समितीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय. कुठला कागद कधी आला आणि कोणाच्या टेबलावर जाऊन पडला, हे मी झोपेतही सांगेन. त्यामुळे या प्रकरणातही दोष कोणाचा ते क्रमवार सांगतो. शेवटी तो माझाच निघतो असं माझी बायको रतन तुम्हाला आधीच सांगेल. तिचं ऐकू नका.

गाडी अल्पेशची. अल्पेश श्रीवर्धनचा, मालवाहू बोटीवर खलाशी, आणि आमच्या रुचिताचा ठरलेला नवरा. सहा महिने बोटीवर असतो आणि उतरला की गाडीच्या मागे लागतो. ही गाडी त्याने मुद्दाम खाली बसवून घेतली आहे. म्हणजे चांगली उंच गाडी, स्प्रिंगा बदलून, पदरचा खर्च करून बुटकी केली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जातात. आमच्याकडचे रस्ते बघून लोक उंच गाड्या घेतात, आणि याचं हे असं. लग्न ठरायच्या वेळी मी म्हणालो होतो, "ज्याला गाडी धड जमिनीच्या वर ठेवता येत नाही, तो संसार काय करणार?" वाक्य मला फार आवडलं होतं. रुचिता महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पण पोरगी मनाने मोठी. अल्पेश बोटीवर जायला निघाला तेव्हा गाडी ठेवायची कुठे असा प्रश्न आला, तर तीच म्हणाली, "बाबांकडे ठेव. त्यांच्याइतकं जपणारं कोणी नाही." मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, कान अर्थातच बाहेर. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर अबोला धरलेल्या मुलीने माझी अशी हमी द्यावी. त्या दिवशी वाटलं, जीव गेला तरी चालेल, पण या गाडीवर धूळ बसू देणार नाही.

ठरलं होतं ते असं. आठवड्यातून एकदा गाडी चालू करायची, दहा मिनिटं इंजिन फिरवायचं, अंगणातल्या अंगणात पुढे-मागे करायची आणि पुन्हा झाकायची. बाहेर न्यायची नाही. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी जानवशावरून नवरदेवाला मांडवात आणायचं काम मुलीकडच्यांचं, आणि अल्पेशची हौस अशी की मला माझ्याच गाडीतून आणा.

पाच महिने मी शब्द पाळला. मग एप्रिलात आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीचं जेवण मुरूडला निघालं. सगळे विचारत होते, "दयारामशेठ, जावयाची गाडी दारात आहे म्हणे?" आता माझी स्कूटर सोळा वर्षांची, आणि तिला डाव्या बाजूला कलून उभं राहायची सवय. मोह झाला. गेलो. तिथे गाडीकडे कोणी बघितलंही नाही. सगळे जेवणावर होते. येताना मात्र काशीदच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं, नुकताच पाण्याचा टँकर फिरवलेला, आणि अर्धा किलोमीटर नुसता तांबडा राडा. उंच गाड्या त्यातून तरून गेल्या. आमची गाडी पोटावर सरपटत आली.

घरी आल्याबरोबर नळाला पाइप लावून गाडी लख्ख धुतली. दिसत होतं तेवढं सगळं धुतलं. आठवड्याने गाडी चालू करून स्टिअरिंग फिरवलं, तर खालून आवाज आला, खर्रर्र. वाकून, मग गुडघ्यावर बसून, मग झोपून बघितलं. चारही चाकांच्या वरची पोकळी चिखलाने गच्च भरली होती आणि तो वाळून विटेसारखा झाला होता. टायर त्याला घासत होता. अल्पेश यायला आठ दिवस उरले होते, लग्नाला वीस.

तुम्ही म्हणाल, धुवायला बाहेर द्यायची. अलिबागला गाड्या धुणारा निकेश आहे, पण तो अल्पेशचा जिवलग मित्र. त्याच्याकडे गाडी नेली असती तर तासाभरात बातमी बोटीवर पोचली असती. काम घरीच करायचं होतं आणि गुपचूप करायचं होतं. आमच्या चौलमध्ये गुपचूप म्हणजे काय, ते सांगतोच.

फोनवर एका परदेशी गृहस्थाचा व्हिडिओ बघितला. त्याने जॅक लावला, चाक काढलं, अकरा प्रकारच्या ब्रशांनी पोकळी घासली, पुसली आणि शेवटी काळंभोर चमकणारं काहीतरी फवारलं. त्या जागेत पान वाढून जेवायला बसावं इतकी ती स्वच्छ झाली. मी उत्साहाने जॅक काढला. जॅक गाडीखाली जाईना. गाडी इतकी खाली की गाडी उचलायचं यंत्र घालायला आधी गाडी उचलायला हवी. मी एकदा या बाजूने बसलो, एकदा त्या बाजूने. एवढ्यात कुंपणापाशी येसाजी उभे राहिले.

येसाजी आमचे शेजारी, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर ते आपला हक्क सांगतात.

"बस असती तं मी खाली चालत गेलो असतो," ते म्हणाले.

"ही बस नाही."

"न्हाय ना. ही तं पाटावर बसायची वस्तू हाय. चारी चाकांखाली कायतरी सरकवा, गाडी वर घ्या, मग जॅक घाला."

पाट म्हटल्याबरोबर मला आठवलं, की लग्नासाठी रतनने आठ नवे पाट करून आणले आहेत, शिसवी, कडेला पितळी फुलं. ती बाजारात गेली होती. माझी अडचण अशी होती की मला क्षणभरही स्वस्थ बसवत नव्हतं. रात्री झोपेत खर्रर्र ऐकू येई. दर तासाला मी अंगणात जाऊन कव्हर उचलून गाडी बघत होतो, जणू चिखल आपोआप विरघळणार होता. अशा अवस्थेत माणूस पाटाला विचारत नाही, तू लग्नातला आहेस का.

चार पाट चाकांपुढे मांडले. येसाजी पुढे उभे राहून हात हलवत होते, "येऊ द्या, येऊ द्या." मी आणली. तीन चाकं पाटावर चढली. चौथा पाट खाडकन मधोमध मोडला. येसाजी खाली वाकले, तुकडे उचलून नीट बघितले आणि म्हणाले, "शिसवी न्हाय हा. फसवला तुमाला."

पण पुढचं डावं चाक पाटावर होतं. मी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं, म्हणजे चाकाच्या मागे थोडी जागा झाली. जॅकचा नाद सोडून दिला. दात घासायचा जुना ब्रश घेऊन आडवा झालो आणि हात आत घातला. चिखलाचे पापुद्रे निघायला लागले. फार समाधान वाटलं. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर खिट्ट्यांनी बसवलेलं होतं. त्याच्या मागेही चिखल होता म्हणून पाच खिट्ट्या काढल्या. त्यातल्या तीन हातातच तुटल्या. तुटू द्या, सुतळीने बांधू. आणखी आत, आणखी वर हात घातला. सुरुवातीला मी खुशीत होतो म्हणालो, ती ही वेळ.

मग हात बाहेर काढायला गेलो, तर निघेना.

कोपर आणि मडगार्ड यांचा काहीतरी समझोता झाला होता. ओढलं की दुखे, ढकललं की आणखी आत जाई. येसाजी म्हणाले, "हलू नका, टायरची हवा सोडतो," आणि हवा सोडायचं अवजार आणायला घरी गेले. मी अंगणात उताणा, एक हात गाडीत, डोळ्यांसमोर आकाश आणि सुपारीची झाडं. त्याच वेळी फाटक वाजलं. ग्रामपंचायतीचा शिपाई गणराज, बगलेत रजिस्टर.

"भाऊसाहेब, नोटीस आहे," तो म्हणाला. मी जमिनीवर का झोपलो आहे हे त्याने विचारलं नाही. सरकारी नोकरीत माणूस असाच तयार होतो.

"वाच."

त्याने वाचली. टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याने वाहन धुतल्याचे निदर्शनास आले असून, आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांचे आत सादर करावा. भाषा ओळखीची वाटली. वाटणारच. तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना पाठवलेला तो मसुदा दोन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. 'निदर्शनास आले असून' यावर साहेबांनी माझं कौतुक केलं होतं.

"सही करा," गणराज म्हणाला.

"उजवा हात मोकळा नाही."

"मग डाव्या हाताचा अंगठा द्या."

आणि त्याने शाईची डबी काढली. एकतीस वर्षं मी लोकांचे अंगठे साक्षांकित केले. त्या दिवशी माझा अंगठा येसाजींनी साक्षांकित केला, ते अवजार घेऊन परत आले होते म्हणून. रतनही त्याच सुमाराला बाजारातून आली. तिने आधी मोडका पाट बघितला, मग मला.  आत जाऊन खोबरेल आणलं, बाटली माझ्या दंडावर उपडी केली आणि हात असा ओढला की कोपराचं साल मडगार्डलाच राहिलं. त्या दुपारी मला जेवायला जमिनीवर बसवलं, पाट न देता.

खऱ्या दुखण्यापुढे हाताचं दुखणं काही नव्हतं. नोटिशीच्या तळाशी एक ओळ होती: प्रत माहितीस्तव, वाहनमालक. ती ओळसुद्धा माझीच. गणराजला विचारलं तर म्हणाला, गाडीच्या नंबरावरून पत्ता काढला, श्रीवर्धनला टपालाने गेली सुद्धा. म्हणजे अल्पेशच्या वडिलांच्या हातात कागद पडणार, की तुमच्या मुलाची गाडी चौलला चोरून धुतली जात आहे.

दुसऱ्या दिवशी खुलासा घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. दोन पानी, मुद्देसूद. तिथल्या बाईंनी तो न वाचता विचारलं, "गाडी तुमच्या नावावर?" म्हटलं, नाही. "मग मालकाचं संमतीपत्र जोडा, की तुम्हाला धुवायचा अधिकार दिला आहे." म्हटलं, मालक समुद्रात आहे. "मग तसा दाखला जोडा." तसा दाखला कोण देतं, हे मी विचारलं नाही. मीच पूर्वी लोकांना असे दाखले आणायला पाठवत असे. खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने हे सगळं फार वेगळं दिसतं.

इकडे चिखल मी चार दिवसांत विहिरीच्या पाण्याने, चमच्याने, बांबूच्या काडीने खरवडून काढला. पण आतलं प्लॅस्टिक पांढुरकं, मेलेलं दिसायला लागलं. अलिबागहून चकाकी आणणारा फवारा आणला. तो एका चाकात संपला. आता एक पोकळी चमकतेय आणि तीन भकास. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा रफिकभाईंनी हाक मारली.

रफिकभाई रस्त्यापलीकडे राहतात. वडिलांच्या होड्या होत्या, मग स्वतः कुवेतला वीस वर्षं, आता घरी. आमचा घरोबा जुना.

"दयारामभाई, बाजारू चीज कशाला लावता? आमचे वालिद लाकडाच्या होडीला मुशीचं तेल लावायचे. खारा वारा असो, पाणी असो, काय बिशाद आहे. काळंभोर चमकतं. अजून एक डबा पडलाय माझ्याकडे, घेऊन जा."

मुशी मासा आम्हाला नवा नाही. त्याच्या तेलाला वास असतो हेही माहीत होतं. पण आम्ही चौलची माणसं. माशाचा वास आमच्या नाकाला वास वाटतच नाही, हीच तर चूक झाली. मी चारही चाकांच्या पोकळ्यांत फडक्याने तेल फासलं. काय सांगू, तो परदेशी गृहस्थ लाजला असता. थोडं उरलं, ते फुकट कशाला घालवा म्हणून स्कूटरच्या दोन्ही मडगार्डांना लावलं. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली.

सकाळी दार उघडलं तर अंगणात नऊ मांजरं.

काही गाडीखाली होती, काही बॉनेटवर, एक चाकावर मागचे पाय देऊन उभं राहून आत चाटत होतं. हाकललं की कुंपणापर्यंत जात, बसत आणि माझी आत जायची वाट बघत. दुपारी ती चौदा झाली. येसाजी म्हणाले, "डिझेल मारा." रतन म्हणाली, "त्यांना नका मारू, स्वतःला मारा." रफिकभाईंच्या बायको जहुराभाभी आपली पांढरी मांजर शोधत आल्या, आणि ती तिथेच होती, पोट हे एवढं. "सफेदीचे दिवस भरलेत, तिला पळवू नका, भाऊ," असं त्यांनी बजावलं. आता पळवायचं कोणाला आणि कोणाला नाही, याची यादी कोण ठेवणार? मी साबणाने धुवायला निघालो, तर विहिरीत जेमतेम बादलीभर पाणी उरलं होतं आणि नळाला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती.

रविवारी अल्पेश आला. रुचिता माणगावच्या शाळेत शिकवते, तीही त्याच्याबरोबर आली. दोन दिवस मी मनातल्या मनात खुलासा तयार करत होतो: मुद्दा एक, मुद्दा दोन. ती फाटकातून आली आणि तिने अंगणभर पसरलेली मांजरं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मला सगळे मुद्दे विसरायला झाले.

"बाबा, गाडीला काय झालंय?"

"मी मुरूडला नेली होती," मी म्हणालो. "चिखल झाला. मग धुतली. मग तेल लावलं. तुझा शब्द मी घालवला, बाळ." एवढंच बोलता आलं. एकतीस वर्षांत इतका छोटा खुलासा मी कधी दिला नव्हता.

 अल्पेशने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. नोटिशीची प्रत. "घरी आली होती, काका. आमच्या वडिलांनी वाचून दाखवली. म्हणाले, भाषा लई चांगली हाय." मग तो पुढच्या डाव्या चाकापाशी गेला, चांगल्या शर्टाने सरळ पोटावर झोपला, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, गंज मोजतोय. पाट मोजतोय. सुतळी बघतोय.

"चार आहेत," तो म्हणाला.

"काय चार?" रुचिता म्हणाली.

"पिल्लं. काल-परवाचीच असतील, डोळे मिटलेत."

सुतळी सैल पडून अस्तराच्या मागे जी फट झाली होती, तीत सफेदी व्याली होती. आणि मी चाक पूर्ण वळवून ठेवलेलं. सरळ केलं की ती जागा दोन बोटांची होते. येसाजींनी आठ माणसं जमवून गाडी उचलायची तयारी दाखवली. जहुराभाभी म्हणाल्या, माणसांनी हात लावला तर सफेदी पिल्लांना टाकून देईल. मी म्हणालो, "अल्पेशराव, बारा दिवसांवर लग्न आहे. तुमची हौस."

तो उठला. शर्टाला पुढून तेल लागलं होतं. "बोटीवर आम्ही रोज हेच करतो, काका. गंज खरवडायचा, रंग मारायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज. तुम्ही काम चांगलं केलंय. फक्त खिट्ट्या तुटल्यात." मग हात पुसत म्हणाला, "महिनाभर गाडी हलवायची नाही. मला स्कूटरवरून आणा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. संसार काय करणार, असं मी ज्याच्याबद्दल विचारलं होतं, तो हा. माझं ते वाक्य मला अजिबात आवडेनासं झालं. रुचिता म्हणाली, "बाबा, महिनाभर लक्ष तुम्ही ठेवा. पण चाकात हात घालू नका." ती हसत होती, म्हणून मीही हसलो, आणि मग मला आत जाऊन तोंड धुवावं लागलं. विहिरीच्या पाण्याने.

लग्नाच्या दिवशी जानवसा शाळेत होता, मांडव आमच्या वाडीत. स्कूटरला झेंडूची माळ बांधली. तिला लावलेल्या तेलाची आठवण मला तोपर्यंत नव्हती. खरंच विसरलो होतो. मागे अल्पेश बसला, बाशिंग बांधून, मांडीवर नारळ, आणि डावीकडे कलायला नको म्हणून उजवीकडे वजन टाकून. पुढे ताशा, मागे वऱ्हाड. देवळाच्या वळणावर वऱ्हाड हसायला लागलं. आरशात बघितलं तर स्कूटर आणि वऱ्हाड यांच्यामध्ये मांजरं चालत होती, शेपट्या वर करून, मानकऱ्यांसारखी. मोजली नाहीत. रफिकभाई ओरडून म्हणाले, "दयारामभाई, यांना पण पत्रिका दिली होती का?"

माझे कान तापले. लवकर मांडव गाठावा म्हणून मी स्कूटर जोरात घेतली. तेवढ्यात मागून खांद्यावर हात आला. लग्न ठरल्यापासून हा मुलगा मला काका म्हणत आला होता.

"बाबा, हळू घ्या," तो कानाशी म्हणाला. "मागे सफेदी आहे. तिला पिल्लांकडे वेळेत परत जायचंय, दमवू नका."

मी स्कूटर हळू केली.